गोळीतली दारू : चिमूटभर जास्त टाकली तर काय होते?

पेपरात दर आठ-पंधरा दिवसांनी एक बातमी असतेच, गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं जप्त, स्थानिक गुन्हे शाखेची कारवाई, सोबत टेबलावर मांडलेल्या वस्तूंचा फोटो. आपण वाचतो आणि पान उलटतो. पण आता मोबाईलवर दुसरंच काही दिसायला लागलंय, अमेरिकेतली माणसं घरच्या गॅरेजमध्ये बसून रिकाम्या पुंगळीत नवी टोपी बसवतात, दारू टाकतात, वरून गोळी दाबतात आणि झालं काडतूस तयार. याला रीलोडिंग म्हणतात. हे व्हिडिओ आपल्या पोरांनी पाहिले की पानठेल्यावर लगेच चर्चा सुरू होते, काहींना नुसतं कुतूहल असतं, काहींच्या डोक्यात रानडुकरं आणि रोही असतात कारण रात्रभर जागल करूनही सकाळी हरभरा उकरलेला दिसतो, आणि ज्याच्या घरी लायसनची बंदूक आहे तो म्हणतो काडतूस किती महाग झालं बाप्पा, रिकाम्या पुंगळ्या तर घरात पडल्याच आहेत.

म्हणून हे लिहितोय. कृती सांगायला नाही, कोणती दारू किती टाकायची याचा एकही आकडा इथे मिळणार नाही आणि का नाही ते पुढे कळेलच. पण टोपी आणि दारू निवडताना जाणकार लोक कशाचा विचार करतात, एवढ्या बारीक मोजमापाचं काय कारण आहे, हे समजलं की व्हिडिओत सोपं दिसणारं काम आतून कसं आहे ते दिसतं. इथे मी मुख्यतः पिस्तूल आणि रिव्हॉल्वरच्या काडतुसाबद्दल बोलतोय, रायफल आणि बारा बोरचं गणित थोडं वेगळं असतं.

काडतुसात असतं तरी काय

चार वस्तू. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला बसवलेली टोपी म्हणजे प्रायमर, आतली दारू, आणि वर तोंडाशी बसवलेली गोळी. आपण बोलताना सगळ्या काडतुसालाच गोळी म्हणतो, पण उडून जाते ती फक्त वरची शिशाची किंवा तांब्याचं आवरण असलेली गोळी, पुंगळी मागेच राहते आणि तीच पोलीस पंचनाम्यात लिहितात.

चाप ओढला की घोडा किंवा पिन टोपीवर आपटते, टोपीतला मसाला फुटतो, त्याची ज्वाळा बारीक छिद्रातून पुंगळीत शिरते, दारू पेटते, वायू तयार होतो आणि तो वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतं.

यात पितळेचं काम लोकांच्या लक्षातच येत नाही. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असं हे पितळ असतं, दाब आला की पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटते म्हणजे वायू मागे, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येत नाही, आणि दाब गेला की थोडी आकसून सुटी होते. ही लवचिकता आहे म्हणूनच पुंगळी परत वापरता येते, पण दर वेळी पितळ थोडं थोडं थकत जातं आणि एक दिवस तोंडाशी नाहीतर बुडाशी चीर पडते. रीलोडिंग करणारा माणूस आधी एकेक पुंगळी हातात घेऊन तपासतो ती त्याच्याचसाठी.

दारू फुटत नाही, जळते

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. काडतुसातली दारू बॉम्बसारखी फुटत नाही, ती जळते, फक्त फार वेगाने जळते. उघड्यावर पेटवली तर भसकन जाळ होतो आणि संपते. पण बंद जागेत जळली की वायूला जायला जागा नसते, दाब वाढतो, आणि खरी मेख अशी की दाब वाढला की दारू आणखी वेगाने जळते, वेगाने जळली की दाब आणखी वाढतो.

आपल्याकडची चूल डोळ्यासमोर आणा. चुलीत तुराट्या घातल्या तर भडकन पेटतात, मोठा जाळ होतो आणि लगेच राख. बाभळीचं जाड लाकूड घातलं तर उशिरा पेटतं पण बराच वेळ धग देतं. दारूचंही असंच आहे. काही दारू तुराटीसारख्या, जलद जळणाऱ्या, काही बाभळीच्या लाकडासारख्या, सावकाश जळणाऱ्या. पिस्तुलाची नळी आखूड असते, गोळी क्षणात बाहेर पडते, म्हणून तिला साधारण जलद दारू लागते. रायफलची नळी लांब असते, गोळीला मागून बराच वेळ रेटत राहायचं असतं, तिथे सावकाश दारू. आता समजा रायफलच्या मापाने भरायची जागा कोणी पिस्तुलाच्या जलद दारूने भरली, तर लाकडाच्या ओझ्याएवढ्या तुराट्या एकदम पेटवल्यासारखं होणार, आणि चुलीला निदान वरून तोंड असतं, इथे चारही बाजूंनी पोलाद आहे.

ही आजची दारू म्हणजे जुनी काळी दारू नाही हेही लक्षात घ्या. काळी दारू म्हणजे शोरा, कोळसा आणि गंधक, तिचा धूर फार होतो. १८८४ मध्ये पॉल व्हिएल नावाच्या फ्रेंच माणसाने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू बनवली, नायट्रोसेल्युलोज म्हणजे कापसासारख्या धाग्यावर ॲसिडची प्रक्रिया करून मिळणारा पदार्थ. आपल्या विदर्भात, कापसाच्या मुलखात हे सांगायला पाहिजेच, की जगभरातली ही दारू मुळात कापसाच्या बारीक तंतूंपासून सुरू झाली. त्यानंतर तीनच वर्षांत आल्फ्रेड नोबेलने त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळून आणखी जोरदार प्रकार काढला. नुसत्या नायट्रोसेल्युलोजच्या दारूला सिंगल बेस म्हणतात, नायट्रोग्लिसरीनवालीला डबल बेस. पिस्तुलाच्या बऱ्याच दारू डबल बेस असतात, म्हणजे चिमूटभरातही ताकद भरपूर.

दाणा कसा आहे यावरही जळण्याचा वेग ठरतो. चपटा पापडीसारखा दाणा, गोल मणी, बारीक कांडी, असे प्रकार असतात, वर काही दाण्यांना असा लेप असतो की सुरुवातीला सावकाश जळावं. नुसतं पाहून ओळखायला गेलात तर फसाल, दोन वेगवेगळ्या दारू दिसायला हुबेहूब सारख्या असतात, दोन्ही काळपट करड्या, आणि वेगात जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून डब्यावरची चिठ्ठी निघाली असेल किंवा कोणती दारू आहे याची शंका असेल तर ती वापरायची नाही, हा तिकडचा पहिला नियम आहे, आणि टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा ठेवायचा हा दुसरा.

टोपी म्हणजे नुसती ठिणगी नाही

टोपीची गोष्ट मला फार आवडते. १८०७ मध्ये अलेक्झांडर फोरसाइथ नावाच्या स्कॉटलंडच्या एका पाद्र्याने ठोका मारून पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं. तो पक्ष्यांची शिकार करायचा आणि तेव्हाच्या चकमकीच्या बंदुकीत आधी भपकन ठिणगी उडायची, पक्षी ती पाहून उडून जायचे, म्हणून त्याने ही खटपट केली. त्यातूनच पुढे टोपी आली.

आजची टोपी म्हणजे छोटी धातूची वाटी, तळाशी मसाला, वर एक बारीक तिवई, जिला अँव्हिल म्हणतात. पिन आपटली की मसाला वाटी आणि तिवईमध्ये चेपला जातो आणि फुटतो. हा मसाला बहुतेक ठिकाणी लेड स्टिफ्नेटचा असतो, आणि तो दारूसारखा जळत नाही, खरोखर फुटतो. म्हणून काडतुसातली सगळ्यात नाजूक वस्तू हीच. एका डबीत शंभर टोप्या असतात पण प्रत्येक टोपी आपापल्या खणात वेगळी, कारण एकाच बरणीत खळखळ ओतल्या आणि एक फुटली तर सगळ्या एकदम जातात. तेलाचा हात लागला तर टोपी मुकी होऊ शकते. आणि मसाल्यात शिसं असल्यामुळे हे काम करणारा माणूस हात धुतल्याशिवाय खात नाही, लहान लेकरांना त्या खोलीत येऊ देत नाही.

टोपीचे दोन ढब आहेत आणि दोन्ही साधारण एकाच काळात, १८६६ च्या सुमारास आले. इंग्रज बॉक्सरचा आणि अमेरिकन बर्डनचा. बॉक्सर टोपीत तिवई टोपीतच असते आणि पुंगळीला मधोमध एकच छिद्र असतं, त्यातून बारीक सळई घालून जुनी टोपी बाहेर ढकलता येते. बर्डनमध्ये तिवई पुंगळीचाच भाग असते आणि छिद्रं दोन, बाजूला, म्हणून जुनी टोपी काढायला त्रास. त्यामुळे रीलोडिंगवाले बॉक्सरवाल्या पुंगळ्याच जपून ठेवतात. गंमत म्हणजे इंग्रजाचा ढब अमेरिकेत जास्त रुजला आणि अमेरिकनाचा युरोपात.

आता निवडीचा प्रश्न. टोप्या मापाने लहान आणि मोठ्या, लहान ४.४५ मिलिमीटरची, मोठी ५.३३ मिलिमीटरची. त्यात पिस्तुलाची वेगळी, रायफलची वेगळी, आणि प्रत्येकात साधी आणि मॅग्नम. पोरं विचारतात की माप तर सारखंच आहे मग कोणतीही बसवली तर काय बिघडतं. लहान पिस्तूल टोपी आणि लहान रायफल टोपी यांचं बाहेरचं माप खरंच सारखं असतं, बसेलही. पण रायफलच्या टोपीची वाटी जाड पत्र्याची असते कारण तिला जास्त दाब सहन करायचा असतो, पिस्तुलाच्या घोड्याचा ठोका हलका असेल तर ती फुटणारच नाही. उलट पिस्तुलाची पातळ टोपी रायफलमध्ये घातली तर दाबाने भोक पडून गरम वायू मागे येऊ शकतो. मोठ्या मापात तर आणखी फरक, मोठी रायफल टोपी उंचीलाही किंचित जास्त असते, ती पिस्तुलाच्या पुंगळीत बुडाच्या वर राहते, आणि वर राहिलेली टोपी म्हणजे बंदूक बंद करतानाच ठोका बसून वेळेआधी उडण्याची भीती. टोपी बुडाच्या पातळीत किंवा केसभर खाली बसली पाहिजे, रीलोडिंग करणारा प्रत्येक पुंगळीवर बोट फिरवून हे पाहतो.

मॅग्नम टोपी म्हणजे जास्त गरम आणि जास्त वेळ टिकणारी ज्वाळा. परत चुलीपाशी या, तुराटी एका काडीने पेटते, बाभळीच्या ओंडक्याला रॉकेलचा बोळा लागतो. काही दारू, विशेषतः लेप असलेल्या गोल दाण्याच्या आणि सावकाश जळणाऱ्या, साध्या टोपीने नीट पेटत नाहीत, तिथे मॅग्नम. बर्फाळ थंडीतही काही जण ती वापरतात. पण जिथे साधी टोपी पुरेशी आहे तिथे मॅग्नम घातली की तीच दारू, तेवढीच दारू, जास्त दाब देते. म्हणजे दारूला हात न लावता नुसती टोपी बदलली तरी हिशोब बदलला. म्हणून टोपी आणि दारू ही जोडी म्हणून निवडतात, आणि एका कंपनीची टोपी सोडून दुसरीची घेतली तरी जाणकार माणूस मोजमाप परत खालून सुरू करतो.

ग्रेनचा घोळ

व्हिडिओमध्ये '१२४ ग्रेन' असं ऐकू येतं आणि लोक समजतात की एवढी दारू टाकली. ते गोळीचं वजन असतं. गोळी आणि दारू दोन्ही ग्रेनमध्ये मोजतात आणि त्यामुळे गोंधळ होतो. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या जवळपास अर्धा. नाइन एमएम या पिस्तुलाच्या काडतुसाची गोळी ११५, १२४ किंवा १४७ ग्रेनची असते म्हणजे साडेसात ते साडेनऊ ग्रॅम, आणि तिच्यामागे दारू असते ती मोजक्या काही ग्रेनच, एक ग्रॅमचाही अर्ध्याहून कमी भाग. त्या एवढ्याशा दारूत ग्रेनच्या दहाव्या भागाचा हिशोब ठेवावा लागतो, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमचा. किराणा दुकानाच्या काट्याला तर तो फरक कळणारसुद्धा नाही.

आणि गोळी जड झाली की दारू वाढवायची नसते, कमी करायची असते. हे ऐकून सगळेच चक्रावतात. कारण असं की जड गोळी जागची हलायला वेळ घेते, तेवढा वेळ वायू कोंडून राहतो, दाब चढतो. शिवाय जड गोळी लांब असते, ती पुंगळीत जास्त खोल बसते, आतली जागा कमी होते. नाइन एमएमसारख्या छोट्या पुंगळीत गोळी एखादा मिलिमीटर जास्त आत गेली तरी दाब झपाट्याने वाढतो, एवढी ती जागा तंग असते. म्हणूनच एकच काडतूस परत परत चेंबरमध्ये भरून काढून ठेवायची सवय वाईट, प्रत्येक वेळी गोळी धक्क्याने थोडी थोडी आत सरकते.

म्हणजे दारू किती हा प्रश्न एकटा विचारताच येत नाही. कोणती दारू, कोणती टोपी, कोणत्या कंपनीची पुंगळी, किती वजनाची आणि कोणत्या आकाराची गोळी, ती किती खोल बसवली, हे सगळं ठरल्यावरच तो आकडा येतो, आणि यातली एक गोष्ट बदलली की तो आकडा तुमच्या कामाचा राहत नाही. तिकडे दारूच्या आणि गोळ्यांच्या कंपन्या प्रयोगशाळेत दाब मोजून पुस्तकं छापतात, त्यात सुरुवातीचा आकडा आणि कमाल आकडा दिलेला असतो, रीलोडिंग करणारा माणूस खालच्या आकड्यापासून सुरू करतो आणि अगदी थोडं थोडं वर जातो. कोणी ओळखीच्याने सांगितलेला किंवा व्हिडिओत ऐकलेला आकडा तिकडचे शहाणे लोकसुद्धा घेत नाहीत.

'काऊन भाऊ, थोडी जास्त टाकली तर जोर जास्त, एवढंच ना?'

नाही, एवढंच नाही. दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो हे वर सांगितलं, त्यामुळे दारू दहा टक्के वाढवली तर दाब दहाच टक्के वाढत नाही, त्याहून बराच जास्त वाढतो, आणि गोळीचा वेग मात्र थोडासाच वाढतो. म्हणजे फायदा चिमूटभर आणि धोका ओंजळभर.

आता आकडे बघा. कारच्या टायरमध्ये हवा ३०-३५ पीएसआय असते, पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड दाब. अमेरिकेत दारूगोळ्याची मानकं ठरवणारी सामी नावाची संस्था १९२६ पासून आहे, तिने नाइन एमएमची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय ठेवली आहे. टायरच्या हजारपट. पॉइंट फोर्टी फाइव्ह एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाची २१,०००, पॉइंट थर्टी एट स्पेशल या रिव्हॉल्वरच्या काडतुसाची १७,०००, आणि आपल्याकडे लायसनवर जे रिव्हॉल्वर मिळतं त्या बत्तीस बोरच्या लाँग काडतुसाची १५,०००. म्हणजे नाइन एमएमला जे नेहमीचं आहे ते बत्तीस बोरच्या दुपटीहून जास्त आहे. बत्तीस बोरचं हे काडतूस १८९६ चं आहे, तेव्हाची रिव्हॉल्वर हलकी असायची, त्यांच्या हिशोबाने हा कमी दाब. आणि कमी दाबाचं म्हणून ते कमअस्सल आहे असं कोणी समजू नका, २५ मीटर सेंटर फायर पिस्तुलाच्या स्पर्धेत जगातले नेमबाज आजही मोठ्या संख्येने हेच काडतूस वापरतात कारण ते शांत आणि अचूक आहे, याच प्रकारात आपल्या जसपाल राणाने १९९४ च्या एशियाडमध्ये सोनं आणलं होतं.

जास्त दाबाची खूण टोपीवर दिसते, ती चपटी होते, पिनच्या खड्ड्याभोवती कडा उठते, असं सांगतात आणि ते खरंही आहे. पण बत्तीस किंवा थर्टी एटसारख्या कमी दाबाच्या काडतुसात टोपीवर खूण उमटेपर्यंत दाब त्या रिव्हॉल्वरच्या मर्यादेच्या किती तरी पुढे गेलेला असतो. म्हणजे खूण दिसायची वाट पाहत बसलात तर खूण दिसण्याआधी सिलेंडर फुटेल.

आणि एक चूक अशी आहे की जी मुद्दाम कोणी करत नाही पण होते, एकाच पुंगळीत दोनदा दारू पडणं. थर्टी एट स्पेशल १८९८ चं, काळ्या दारूच्या काळात घडलेलं, म्हणून तिची पुंगळी मोठी, आणि आजची जलद दारू तिच्यात तळाशी एवढीशी दिसते. फोन वाजला, कोणी हाक मारली, परत बसल्यावर तीच पुंगळी परत मापाखाली आली, दुप्पट दारू पडली तरी वर भरपूर जागा शिल्लक, बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून तिकडचे अनुभवी लोक नवशिक्याला अशी फुगीर दारू सुचवतात की जी दुप्पट पडली तर पुंगळीतून सांडेलच, आणि गोळी बसवण्याआधी पन्नासच्या पन्नास पुंगळ्यांमध्ये टॉर्च मारून पातळी बघायला लावतात. दारू निवडताना नुसता जोर न बघता चूक झाली तर दिसेल का हेही बघतात, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

'मंग कमी टाकली तर सेफ आहे ना?'

तेही नाही. दारू पडलीच नाही किंवा फारच कमी पडली तर टोपीच्या जोरानेच गोळी नळीत शिरते आणि मधेच अडकते. आवाज फुसका येतो. चालवणाऱ्याला वाटतं काडतूस खराब निघालं, तो पुढचं मारतो, आणि दुसरी गोळी अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळते, नळी फुगते नाहीतर फाटते. आवाज वेगळा आला की थांबायचं, बंदूक रिकामी करायची आणि नळी आरपार मोकळी आहे का ते पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि नुसता टक आवाज आला, काहीच उडालं नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट तरी थांबायचं, टोपी कधी कधी उशिरा पेटते. लायसनधारकाने कारखान्याची काडतुसं वापरली तरी हे दोन नियम त्यालाही तितकेच लागू आहेत.

सावकाश दारूंमध्ये तर काही अशा आहेत की कंपनीच बजावते, दिलेल्या आकड्याच्या खाली जाऊ नका, कारण कमी भरल्या तर त्या वेड्यावाकड्या पेटतात.

'आमच्या आजोबाच्या भरमारीत तर अंदाजानेच भरत होते'

बरोबर आहे, भरत होते. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू असायची, आणि काळी दारू आकारमानाने मोजली तरी चालायची कारण ती तितकी जोरदार नसते आणि दाब वाढल्यावर बिनधुराच्या दारूएवढी पिसाळत नाही. तरी अपघात व्हायचेच, बोटं गेलेली म्हातारी माणसं जुन्या लोकांनी पाहिली आहेत. खरा घात तेव्हा होतो जेव्हा कोणी त्याच भरमारीत त्याच मापाने काडतूस फोडून काढलेली बिनधुराची दारू भरतो. तेवढ्याच आकारमानात कित्येक पट ताकद, आणि नळी जुनी, गंजलेली, काळ्या दारूच्या दाबासाठी बनवलेली. ती नळी चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर फुटते. फटाक्याच्या दारूचं तर नावच काढू नका, फटाक्यातला चमकणारा मसाला ढकलण्यासाठी नसतो, फुटण्यासाठीच असतो. ज्यांच्या शेतात डुकरांचा खरोखर त्रास आहे त्यांचा राग मला समजतो, पण एका हंगामाच्या हरभऱ्यापायी हात किंवा डोळा गेला तर ते घर उभं राहत नाही.

'अमेरिकेत घरोघरी करतात, आपल्याकडे काऊन नाही?'

पहिली गोष्ट कायदा. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दारूगोळा बनवायला लायसन लागतं, आणि बंदूक बाळगण्याचं लायसन म्हणजे काडतूस बनवण्याचं लायसन नव्हे, हे बऱ्याच लायसनधारकांनाही माहीत नसतं. त्या कायद्यात दारूगोळ्याची व्याख्या फार रुंद आहे, काडतुसाचे सुटे भाग आणि काडतूस बनवायची यंत्रंसुद्धा तिच्यात येतात. विनापरवाना बनवण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत गेली आहे. म्हणजे ऑनलाइन कुठून तरी टोप्या मागवू, करून बघू, हा खेळ नाही. आणि नाइन एमएम तर सामान्य माणसाला बंदीच असलेला बोर आहे, कारखान्यातलं काडतूससुद्धा जवळ ठेवता येत नाही.

दुसरी गोष्ट मला कायद्याहून मोठी वाटते. तिकडचा रीलोडिंग करणारा माणूस सीलबंद डब्यातली नावानिशी दारू घेतो, तिच्यासाठी छापलेलं पुस्तक घेतो, दहावा भाग दाखवणारा काटा घेतो, तपासलेली पुंगळी घेतो. यातली एकही गोष्ट गावात मिळत नाही. जे मिळेल ते बिनानावाचं, कोणी तरी कुठून तरी काढलेलं. वर सांगितलेला प्रत्येक हिशोब नाव माहीत असण्यावर उभा आहे, नावच माहीत नसेल तर हिशोब कशाचा करणार?

आणि दारूचं काम काय असतं हे विदर्भाला कोणी शिकवायची गरज नाही. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत हीच नायट्रोसेल्युलोजची दारू बनते, भद्रावतीला चांदा आयुध निर्माणी आहे, पुलगावला देशातला मोठा दारूगोळा डेपो आहे, आपल्या कितीतरी घरातली माणसं तिथे नोकरी करून राहिली. नियम, प्रशिक्षण, जाड भिंती, सगळं असूनही २०१६ च्या मे महिन्याच्या अखेरीस एका रात्री पुलगावच्या डेपोत आग लागून जवान आणि अग्निशमन दलाची माणसं गेली, आणि २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या स्फोटात कामगार गेले. हे रोज तेच काम करणारे, शिकलेले लोक होते. घरातल्या पत्र्याच्या खोलीत, लेकरं इकडेतिकडे खेळत असताना, व्हिडिओ पाहून केलेल्या कामाला कोणतं संरक्षण असणार?

ऊन, जुनी काडतुसं आणि शेतात सापडलेली

लायसनधारकांसाठी आपल्या हवेचा एक मुद्दा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून किती तरी जास्त. तापलेली दारू जास्त वेगाने जळते, म्हणजे तेच काडतूस डिसेंबरपेक्षा मेमध्ये जास्त दाब देतं. कारखान्याच्या काडतुसात याची सोय ठेवलेली असते, घरी कमाल आकड्यापर्यंत भरलेल्यात नसते. शिवाय वर्षानुवर्षं उष्णतेत राहिली की दारू आतून खराब होत जाते, तिच्यात टिकाऊपणासाठी घातलेला पदार्थ संपत येतो. म्हणून काडतुसं थंड, कोरड्या जागी, कुलपात, मूळ डब्यातच ठेवा. पुंगळीवर हिरवट चढलं असेल, गोळी हातानेच हलत असेल किंवा गोळी आत दबलेली दिसत असेल तर ते काडतूस वापरू नका, फोडूही नका, डीलरकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करायची काय पद्धत आहे ते विचारा.

आणि पुलगाव, भद्रावतीच्या आजूबाजूच्या गावांना हे जास्त लागू आहे, भंगार गोळा करणाऱ्या पोरांना नक्की सांगा. २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन ६ जण गेले, त्यात जवळच्या गावातले मजूर होते. शेतात, नाल्यात, भंगारात काडतूस किंवा बॉम्बसारखी वस्तू दिसली की ती जिवंत आहे की रिकामी हे बाहेरून ठरवता येत नाही. पुंगळीच्या बुडाला पिनचा खड्डा दिसला तरी खात्री नसते, कारण ठोका बसूनही न उडालेली टोपी तशीच दिसते. उचलू नका, पितळेसाठी दगडाने ठेचू नका, चुलीत टाकू नका. जागेवर काहीतरी खूण करा, लेकरं आणि ढोरं लांब ठेवा, पोलीस पाटलाला सांगा किंवा ११२ ला फोन लावा.